मंद आचेवर

राणीपौव्याच्या फाटकापासून वर मुक्तिनाथापर्यंत
माझ्या घोडीचे पैसे ठरलेले.
घासाघीस करणाऱ्याला मी फक्त वारा दाखवते.
दहा वाजले की काली गंडकीच्या पात्रातून
तो निघतोच, ओंजळी भरून वाळू घेऊन,
मग माणूस आपणहून रिकिबीत पाय घालतो.

लालमतीला मात्र तिच्या मुलाने उचलून ठेवलं,
काचेची बरणी फळीवर ठेवावी तसं.
बर्दियाहून आलेले. दोन दिवस बस, मग जीप.
"आई फारसं बोलत नाही आता," बिसराम म्हणाला,
"आणि बोललीच, तर मनावर घेऊ नकोस."
करमो कधी मनावर घेत नाही.
घोडी आहे ती. मी घेते.

चढणीला बायका मागावर मफलर विणत होत्या.
शाळिग्रामवाल्याने एक दगड उघडून दाखवला,
आत समुद्रातल्या किड्याचं चक्र,
समुद्र आमच्यापैकी कुणीच न पाहिलेला.
म्हातारीने विचारलं, "हा शिजायला किती वेळ लागतो?"
तो हसला नाही. त्याला वाटलं असेल
भाव पाडायची ही नवी तऱ्हा.

पायऱ्यांशी घोडी थांबते, म्हणून मीही थांबते.
सतरा वर्षं झाली.
आत येऊ नको असं कुणी म्हटलेलं नाही,
पण घोडी कोण धरणार?
त्या दिवशी म्हातारी माझं मनगटच सोडेना.
करमोला मफलरवालीच्या खुंट्याला बांधलं
आणि गेले.

एकशे आठ धारा, एकशे आठ बैलमुखं.
बिसराम उघड्या अंगाने खालून धावत सुटला,
दर धारेला एक किंकाळी,
साठाच्या पुढे आकडा विसरला, परत फिरला,
निळे ओठ घेऊन विचारू लागला, एवढं चालेल का?
छोकी आनी झाडू टेकवून म्हणाली,
"मी यांचं शेवाळ घासते.
मलाही दर वेळी वेगळाच आकडा येतो."

लालमतीने पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
तिच्या नाकाला काहीतरी लागलं होतं.
मला ओढत ती ज्वालामाईच्या गोंपाकडे निघाली,
घोडीवर बसवावं लागलेली बाई.

तिथे वाकावं लागतं.
मूर्तीच्या पायांखाली पडदा, पडद्यामागे जाळी,
जाळीआड खडकाच्या फटीत
बोटभर निळी ज्योत,
आणि तिच्या खालून पाणी, नुसतं ऐकू येणारं.
इथे लोक डोळे मिटतात. काही रडतात.
म्हातारी गुडघ्यांवर बसली, कान लावला,
आणि आख्खं घर उठेल अशा आवाजात म्हणाली,
"हे कोण चालू ठेवून गेलं?"

जाळीवर तिचा हात फिरत राहिला.
उजवीकडे. डावीकडे. खाली.
बटण सापडेना.
"सिलिंडर संपेल की रे! दूध उतू गेलं का?"

बिसराम दारात उभा, अंगातून पाणी निथळतंय.
"कोहलपूरच्या बसस्टँडवर भाताचं हॉटेल होतं तिचं,"
तो मला म्हणाला, "चाळीस वर्षं,"
उधारी कबूल करावी तशा सुरात.

छोकी आनी तिच्याशेजारी फरशीवर बसली.
"आमच्या आधीच्या आनींनीही शोधलं, आमा.
बटण सापडत नाही.
म्हणून आम्ही आळीपाळीने जागतो इथे."
"दुधावर लक्ष ठेवायला?"
आनीने जरा वेळ घेतला.
"हो," म्हणाली.

"मग ठीक."
लालमती उठली, पदराला दोन्ही हात पुसले,
शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर पुसतात तसे.
प्रसाद घ्यायचा राहिलाच.

उतरताना वारा समोरून होता,
करमो मान खाली घालून चालत होती.
म्हातारी मधूनच माझ्या खांद्यावर थाप मारी:
"त्या पोरीला झोप नाही ना लागणार?"
नाही आमा, मी म्हणे.
पुढच्या वळणावर पुन्हा थाप.
नाही, आमा.
नाही.